मुलांची चित्रचर्चा आणि समीक्षेची पूर्वतयारी

महाराष्ट्रातील शाळकरी मूल चित्रकलेच्या ज्या शासकीय ग्रेड परीक्षांना बसते, त्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या विषयांची यादी एकदा समीक्षकाच्या नजरेने वाचून पाहावी. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन. या यादीत हाताला काम आहे. डोळ्याला आहे ते हाताच्या सेवेपुरते. वाणीला मात्र मुळीच काम नाही. दुसऱ्याने काढलेले चित्र समोर ठेवून त्याविषयी काही बोला, ते चांगले की वाईट ते सांगा आणि का ते सांगा, अशी अपेक्षा या परीक्षांत कोठेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुले रंगपेटी घेऊन परीक्षेला बसली, उत्तम श्रेणी मिळवून बाहेर पडली आणि पुढे आयुष्यभर चित्रप्रदर्शनाच्या दारात ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे म्हणून संकोचाने उभी राहिली. या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे, असे मला वाटते.

चित्राविषयी बोलण्याची जागा आपल्या शाळेत नाहीच असे नाही. ती आहे, पण चित्रकलेच्या तासाला नव्हे, भाषेच्या तासाला. ‘चित्र पाहा आणि वर्णन करा’ हा स्वाध्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजाराचे, बागेचे किंवा पावसाळ्याचे चित्र दिलेले असते आणि पाच-सात वाक्ये अपेक्षित असतात. मूल लिहिते : हे बाजाराचे चित्र आहे, बाजारात खूप गर्दी आहे, एक बाई भाजी विकत आहे. वाक्ये शुद्ध असली की पूर्ण गुण मिळतात. आता त्या चित्राच्या जागी बाजाराचे दुसरे कोणतेही चित्र ठेवून पाहावे. उत्तर तसेच्या तसे चालते. चित्र बदलले तरी ज्या उत्तराला धक्का बसत नाही, ते उत्तर त्या चित्राविषयीचे नसते. ते बाजाराविषयीचे असते. येथे चित्र हे वाक्यरचनेचे निमित्त आहे. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, परंतु चित्र पाहण्याचे शिक्षण म्हणून त्याकडे बोट दाखवता येणार नाही. मराठीत यापेक्षा वेगळे प्रयत्न झाले आहेत. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ आणि त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग यांत चित्राला मजकुराचा हरकाम्या न मानता स्वतंत्र पाठ्य मानलेले आहे. पुरंदरे स्वतः जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या आणि पिकासोवर त्यांनी ग्रंथ लिहिला, हा योगायोग नव्हे. तथापि अशी पुस्तके शाळेच्या कपाटात असली तरी तासिकांच्या वेळापत्रकात क्वचितच शिरतात.

प्रश्न केवळ चित्रकला शिक्षकांचा असता तर साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात तो उपस्थित करण्याचे कारण नव्हते. तो आपला प्रश्न आहे, कारण शालेय वयात समीक्षा नावाची गोष्ट मुलाला भेटते ती एकाच रूपात : कवितेचे रसग्रहण. दहावीच्या कुमारभारतीत त्याचे मुद्दे ठरलेले आहेत : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुद्दे चुकीचे नाहीत. परंतु त्या मुद्द्यांपर्यंत जाण्याआधी जी एक साधी कृती घडावी लागते, म्हणजे समोरच्या वस्तूकडे पाहणे आणि ‘मला हे येथे दिसते’ असे दुसऱ्याला दाखवणे, ती न घडताच मूल मुद्द्यांच्या चौकटी भरू लागते. ‘समीक्षा’ या शब्दात ‘ईक्ष्’ हा पाहण्याचा धातू आहे, याचा विसर आपल्याला शाळेतच पडतो. दुसरीकडे, बोलीत ‘टीका’ म्हणजे नावे ठेवणे. घरात किंवा वर्गात ‘टीका करू नकोस’ ही आज्ञाच असते. अशा रीतीने आपल्या मुलांना गुणगान आणि निंदा या दोनच क्रिया ठाऊक असतात.

या विचाराने काही प्रयोग करून पाहावा म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातील नाटे या गावी एका शाळेत सातवीच्या मुलांबरोबर काही तास काढले. राजापूर तालुक्यातील हे गाव जैतापूरच्या खाडीवर, यशवंतगड अंगावर वागवत वसलेले आहे. मासेमारी, आंबा, मुंबईतून येणारी मनीऑर्डर आणि आता बँक खाते, असा त्याचा संसार. वादविवादाला हे गाव अपरिचित नाही. शेजारच्या माडबनच्या अणुऊर्जा प्रकल्पावरून या पट्ट्यात एवढ्या सभा, सुनावण्या आणि मोर्चे झाले आणि एप्रिल २०११ मध्ये येथेच गोळीबारात एका माणसाचा जीव गेला, की ‘पुरावा दाखवा’ हे वाक्य येथील मुलांनी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असणारच. चित्रेही त्यांना अपरिचित नाहीत. दिनदर्शिकेवरचे देव, होडीच्या नाळेवरील रंगकाम, उरुसाची आणि दशावताराची जाहिरात-पत्रके. त्यांच्या गावात संग्रहालय नाही एवढेच.

पहिल्या दिवशी अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या १९३५ सालच्या चित्राची मोठी प्रत फळ्यावर लावली. या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९३७ मध्ये मिळाले होते, हे मी मुद्दाम सांगितले नाही. चित्रकर्तीचे नावही सांगितले नाही. कसे आहे, या प्रश्नाला अपेक्षित उत्तर आले : छान. ‘छान’ हा शब्द आपल्याकडे चर्चेचा आरंभ नसून शेवट असतो. वर्ग गप्प झाला. मग काय दिसते, असे विचारल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘त्या एकमेकींशी बोलत नायत.’ दुसरीने लगेच कारण पुरवले : भांडण झाले आहे. त्यावर पुढच्या बाकावरचा मुलगा : ‘भांडण झालं असतं तर लांब लांब बसल्या असत्या. ह्या चिकटून बसल्यात.’ कोणीतरी म्हणाले, वाट पाहत असतील. त्यालाही उत्तर आले, वाट बघणारे माणूस दाराकडे बघते, या खाली बघतात.

ही पाच मिनिटे मला महत्त्वाची वाटतात. तीन विधाने झाली आणि त्यांपैकी दोन चित्रातीलच तपशिलाच्या आधारे खोडली गेली. खोडणाऱ्याने आपले मत मांडले नाही, चित्राकडे बोट दाखवले. कवितेच्या तासाला हे एवढ्या लवकर घडत नाही, कारण कवितेतील शब्दाकडे बोट दाखवले तरी त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळ्या जागी असतो. चित्रातला हात मात्र सर्वांच्या समोर एकाच जागी असतो. त्याचे काय करायचे हा वाद होऊ शकतो, पण तो तेथे आहे यावर वाद होत नाही. पुराव्यासह बोलण्याच्या शिक्षणाला चित्र हे कवितेपेक्षा सोयीचे माध्यम आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

त्यानंतर माझ्या हातून चूक झाली. एक मुलगा म्हणाला, ‘चित्र अर्धं आहे, मागं काय काढलंच नाय.’ मी शिक्षकाच्या सवयीने सांगून टाकले की, चित्रकर्तीने पार्श्वभूमी जाणीवपूर्वक रिकामी ठेवली आहे. वर्गाने मान डोलावली आणि चर्चा संपली. रात्री विचार करताना ध्यानात आले की, त्या सकाळी झालेल्या सर्व विधानांत रूपाविषयीचे पहिले विधान तेच होते आणि नेमके तेच मी माहितीने झाकून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चित्र लावले आणि विचारले, मागे घर काढले असते तर? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आदल्या दिवशी एकही शब्द न बोललेली एक मुलगी म्हणाली, ‘मग त्या त्या घरातल्या झाल्या असत्या. आता त्या कुठल्याच नायत.’

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात या संवादाला कोठे जागा मिळेल? ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी लयीच्या संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर सौंदर्यानुभवाची जी उभारणी केली, तिच्या काटेकोर अर्थाने भांडण, वाट पाहणे, घर हे सर्व प्रश्न लौकिक ठरतात, म्हणजे चित्राच्या बाहेरचे. लाल, हिरवा आणि मातकट रंग यांचे परस्परसंबंध हाच तेवढा कलाविषय. परंतु त्या मुलीचे दुसऱ्या दिवशीचे विधान कोणत्या कप्प्यात टाकावे? ते रिकाम्या जागेविषयी आहे, म्हणजे रचनेविषयी आहे, आणि त्याच वेळी तीन स्त्रियांच्या आयुष्याविषयीही आहे. यांतील एक अंग काढून घेतले तर दुसरेही उरत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्या ताणातून मराठी सौंदर्यविचाराची जी मांडणी १९७४ मध्ये केली, ती आपण विद्यापीठात सिद्धान्त म्हणून शिकवतो. हा ताण एका बारा वर्षांच्या मुलीच्या एका वाक्यात प्रत्यक्ष वावरतो, हे पाहिल्यावर सिद्धान्त शिकवण्याचा क्रम आपण उलटा तर लावलेला नाही ना, अशी शंका येते.

येथे मुलांच्या आकलनाच्या पायऱ्या मांडणाऱ्या विचारांचा परामर्श घेणे आवश्यक आहे. मायकेल पार्सन्स यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात चित्राच्या आकलनाचे पाच टप्पे कल्पिले : आवडीनिवडीपासून सुरुवात, मग विषयाचे सौंदर्य आणि हुबेहूबपणा, मग भावाभिव्यक्ती, मग शैली व रूप आणि शेवटी स्वायत्त निर्णय. ही शिडी आपल्याला अगदीच नवी नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रातही प्रेक्षकांची प्रतवारी आहे : आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार छायाप्रकाशाच्या वर्तनेची, स्त्रियांना अलंकार आवडतात, इतर जनांना रंगांची समृद्धी. शिडी सोयीची असते, पण ती पाहणाऱ्याला पायरीवर बसवते आणि त्याचे म्हणणे ऐकायचे राहून जाते. (चित्रसूत्रकाराने स्त्रियांना बसवलेली पायरी तर नाटे येथील त्या मुलीने एका वाक्यात मोडून काढली.) ‘चित्र अर्धे आहे’ असे म्हणणारा मुलगा पार्सन्स यांच्या हिशेबाने दुसऱ्या पायरीवरचा, हुबेहूबपणा मागणारा. पण त्याच्या तक्रारीनेच चौथ्या पायरीवरचा प्रश्न उघडला. म्हणजे पायरी मुलाची नसते. त्याच्या विधानाला पुढे कोणता प्रश्न विचारला जातो यावर ते विधान कोणत्या पायरीवर जाईल हे ठरते.

अमेरिकेत अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेली तीन प्रश्नांची पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते : या चित्रात काय चालले आहे, कशावरून तसे म्हणता, आणखी काय सापडते. यातील दुसरा प्रश्न अमूल्य आहे आणि वर वर्णिलेल्या तासाचे श्रेय मी त्यालाच देतो. परंतु ही पद्धत शिक्षकाने माहिती देऊ नये आणि निर्णयही देऊ नये, असे मानते. तेथे माझा मतभेद आहे. नाटे येथेच रविवर्म्याच्या ‘हंस-दमयंती’च्या प्रतीवर हे स्पष्ट झाले. मुलांनी हंसाला बगळा ठरवले. बगळ्याची मान अशी नसते, ती चित्रकाराला जमलेली नाही, असा निष्कर्षही सप्रमाण काढला. खाडीकाठच्या मुलांच्या पक्षिज्ञानाला आव्हान देण्याची माझी प्राज्ञा नव्हती. पण हे चित्र हंस हा दूत आहे हे ठाऊक असल्याशिवाय उघडतच नाही. पुरावा चित्रात असतो हे खरे, मात्र तो कशाचा पुरावा आहे हे कधी कधी चित्राबाहेर असते. नलदमयंतीची कथा सांगितली, आणि उलटा अनर्थ झाला. मुले चित्र पाहायचे सोडून कथा सांगू लागली.

या पेचावर कोकणातच एक जुना तोडगा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातील चित्रकथी कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी क्रमाने समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने सांगत आले. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्याने ही परंपरा आता सर्वांना नावाने तरी माहीत आहे. या परंपरेत कथा आणि चित्र एकमेकांना गिळत नाहीत, कारण एका प्रसंगाचे गाणे चालू असेपर्यंत चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. श्रोता ऐकतो तेव्हाही पाहतच असतो. कथेचा पुढचा भाग हवा असेल तर चित्र बदलेपर्यंत थांबावे लागते. मी वर्गात नेमके हे केले नाही, सगळी कथा एका दमात सांगितली. अर्थात चित्रकथीच्या प्रयोगात चित्राविषयी मतभेदाला वाव नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेथे चित्र दाखवले जाते, तपासले जात नाही. ती परंपरा शिकवते ते धीर धरून पाहणे. तपासणे आपल्याला दुसरीकडून आणावे लागेल.

आता निर्णयाविषयी. बालकलेच्या क्षेत्रातील थोर शिक्षकांनी, व्हिएन्नातील फ्रान्झ सिझेक, ‘कलेद्वारे शिक्षण’ हा विचार १९४३ मध्ये मांडणारे हर्बर्ट रीड, आणि आपल्याकडे १९४४ पासून सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये मुलांबरोबर काम करणारे देवीप्रसाद यांनी, मुलाच्या स्वतःच्या चित्राला मोठ्यांच्या निकषांपासून वाचवले. हे त्यांचे मोठेच ऋण आहे. परंतु त्याचा एक विपरीत अर्थ रूढ झाला. मुलाच्या चित्राचे मूल्यमापन करू नये, यातून मुलाने कोणत्याच चित्राचे मूल्यमापन करू नये, असे अनुमान निघाले. हे अनुमान चूक आहे. ज्याचे चित्र तपासले जाऊ नये, त्याला दुसऱ्याचे चित्र तपासण्याचा अधिकार आहे, विशेषतः तो दुसरा प्रसिद्ध, प्रौढ आणि पाठ्यपुस्तकात छापलेला असेल तर. रविवर्म्याची मान चुकली असे म्हणणाऱ्या मुलाला गप्प करण्यापेक्षा, कोणाची मान बरोबर आहे, दाखव, असे म्हणणे अधिक आदराचे आहे. शेरगिलच्या आदराचेही आणि रविवर्म्याच्याही.

शेवटचा तास वर्गात झाला नाही. आडिवऱ्याच्या बाजूला कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा आणि पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती वागवणारा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांच्या शोधकार्यामुळे ही कातळशिल्पे अभ्यासविषय झाली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील ज्या नऊ स्थळांचा समावेश झाला, त्यांतील कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही पाच एकट्या राजापूर तालुक्यातील आहेत. म्हणजे ज्या मुलांच्या गावात संग्रहालय नाही असे मी वर म्हटले, त्यांच्या तालुक्यात जगाने दखल घेतलेली चित्रशाळा आहे. फक्त ती आडवी आहे.

आडवी असणे येथे निर्णायक ठरले. मुले कडेने फिरली आणि कोणालाच हत्ती दिसला नाही. एकाला पाय दिसला, एकीला मासा, एकाला नुसती रेघ. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट मला आठवली. मुलांना नाही आठवली, हे बरे झाले. त्यांनी एकमेकांना हाका मारून रेषेवर उभे केले आणि आपल्या उभ्या असण्यानेच आकृती जुळवली. मग मी वरून घेतलेले छायाचित्र दाखवले. हत्ती एका क्षणात ओळखू आला, आणि एक मुलगा नाराज झाला. ‘हा आमी बघितला तो नाय.’ यावर जी चर्चा झाली तिच्यात मला काही सांगता येत नव्हते, कारण सांगण्यासारखे निश्चित माझ्याजवळ नव्हते. काढणाऱ्याला तो कधी सबंध दिसला होता का? नसेल तर त्याने काढला कसा? कोणासाठी? पांडवांनी काढला, हे आजीकडून आलेले उत्तर एकाने दिले आणि दुसऱ्याने त्यालाही ‘कशावरून’ विचारले. या आकृत्यांच्या काळाविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही. बारसूच्या दोन वाघांमधल्या माणसाचे मोहेंजोदडोच्या मुद्रेशी साम्य दाखवले जाते, पण साम्य म्हणजे संबंध नव्हे. शिक्षकाच्या खिशात उत्तर नसलेले चित्र हे चर्चेसाठी सर्वोत्तम चित्र, असे आता माझे मत झाले आहे. त्यातच बारसूच्या सड्यावर २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण आणि त्याला विरोध झाला, तेव्हा त्या कातळावर ‘आहे तरी काय’ हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा उरला नव्हता. सड्यावर काय दिसते हे सांगू शकणारे डोळे गावात असणे आणि नसणे यांत फरक पडतो.

निघताना शाळेतील शिक्षकांनी एक रास्त प्रश्न विचारला : या चर्चेला गुण कसे द्यायचे? मी त्यांना एवढेच सुचवू शकलो की, मुलाचे उत्तर चित्राचे नाव झाकून दुसऱ्या मुलाला वाचायला द्यावे आणि पाच चित्रांतून ते कोणत्या चित्राविषयी आहे हे ओळखायला सांगावे. ओळखता आले तर उत्तर चित्राविषयीचे आहे, न आल्यास नाही. परतल्यावर हीच कसोटी मी माझ्या एम. ए.च्या वर्गातील कवितेवरच्या निबंधांना लावली. कवीचे आणि कवितेचे नाव झाकून एक चांगले गुण मिळालेला निबंध मोठ्याने वाचला. वर्गाने तीन वेगवेगळ्या कवितांची नावे घेतली. ज्याने तो लिहिला होता, तो चौथे नाव सांगायला उठला आणि मध्येच थांबून त्याने तो कागद मागून घेतला.